साइटवरचा जुना फोटो, जुना दर : सोलापुरातील एका वेबसाइट देखभाल सेवेचा अनुभव

चाटी गल्लीत आमचे चादरी, टॉवेल आणि नॅपकिनचे दुकान आहे आणि गेली सहा वर्षे दुकानाची स्वतःची वेबसाइटही आहे. साइटवरचा फोटो आम्ही बदलायचा आणि ग्राहकाला मात्र जुनाच दिसत राहायचा, हा त्रास आम्ही जवळजवळ दोन वर्षे सोसला. मागच्या दिवाळीनंतर हे काम अशोक चौकाच्या बाजूला, एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, बहीण-भाऊ मिळून चालवत असलेल्या एका लहान सेवेकडे दिले आणि तो त्रास संपला. त्यांच्या दारावर अजून पाटी नाही आणि नाव छापण्याची परवानगी मी घेतलेली नाही, म्हणून नाव देत नाही. पण त्यांनी नेमके काय केले, कशासाठी केले आणि कुठे कमी पडले, हे सविस्तर लिहितो, कारण सोलापुरात आमच्यासारखे स्वतःच्या साइटवरून माल विकणारे आता बरेच जण आहेत आणि त्यातल्या अनेकांना हाच त्रास होत असल्याचे मी त्यांच्याच तोंडून ऐकले आहे.

प्रकरण गंभीर झाले ते एका लग्नाच्या आहेरावरून. पुण्याच्या एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नासाठी मयूरपंख नक्षीच्या साठ चादरी मागवल्या. आमच्या साइटवर दरपत्रक हे एक चित्र होते. दुकानात छापलेल्या कार्डाचा फोटो काढून तोच चढवलेला. दोन आठवड्यांपूर्वी सुताचे भाव वाढल्यामुळे आम्ही चादरीचा दर ४२० वरून ४८० रुपये केला होता, नवीन कार्डाचा फोटो जुन्याच नावाने चढवला होता आणि आमच्या दुकानातल्या संगणकावर तो नीट दिसतही होता. त्या गृहस्थांच्या फोनवर मात्र अजून ४२० होते. मी ४८० सांगताच ते शांतपणे म्हणाले, "अहो मालक, तुमच्याच साइटवर बघून बोलतोय मी. तारीखसुद्धा आजचीच आहे माझ्या फोनवर." त्यांनी स्क्रीनचा फोटो पाठवला आणि ते शंभर टक्के खरे बोलत होते. वडिलांनी एका वाक्यात निर्णय दिला : "आपल्या पाटीवर जो भाव, तोच भाव." आम्ही ४२० नेच माल दिला. ३६०० रुपये गेले त्याचे वाईट वाटले नाही. वाईट याचे वाटले की फोन ठेवेपर्यंत त्या माणसाच्या मनात आपल्याबद्दल शंका होती.

त्याआधी आमची साइट ज्यांच्याकडे होती, त्यांचे या तक्रारीवरचे उत्तर ठरलेले असे : ग्राहकाला कंट्रोल आणि एफ-फाइव्ह दाबायला सांगा, म्हणजे ब्राउझर जपलेली प्रत सोडून पान नव्याने आणेल. हा उपाय दुकानदाराच्या कामाचा का नाही, ते मी अनुभवाने सांगतो. आमचे बहुतेक ग्राहक फोनवरून साइट पाहतात. फोनवर कंट्रोलचे बटणच नसते आणि फोनवरच्या क्रोममध्ये कॅश, म्हणजे ब्राउझरने जपून ठेवलेल्या प्रती, डावलून पान आणण्याची तशी सोपी सोयही नाही. साधे रिफ्रेश करून भागेल, तर तेही होत नाही. क्रोमने २०१७ च्या सुरुवातीला जाहीर केलेल्या बदलानुसार साधे रिफ्रेश केल्यावर ब्राउझर फक्त मुख्य पान सर्व्हरकडे तपासतो, आणि पानातल्या फोटोंची मुदत शिल्लक असेल तर ते आपल्या साठ्यातूनच काढून दाखवतो. साइट वेगाने उघडावी म्हणून हा बदल केला आहे आणि तो योग्यच आहे. पण त्यामुळे "रिफ्रेश करून बघा" या सल्ल्यात फारसा अर्थ उरलेला नाही. एका बाईंना आम्ही ब्राउझरचा साठा पुसायला सांगितले, तर त्यांच्याकडून कुकीजही पुसल्या गेल्या आणि त्यांना चार ठिकाणी पुन्हा लॉगिन करावे लागले. दोन टॉवेल घ्यायला आलेल्या ग्राहकाकडून ही मेहनत करून घेणे मला आजही लाजिरवाणे वाटते. मुख्य म्हणजे ज्याला जुना फोटो दिसतो त्याला तो जुना आहे हे कळतच नाही. तो तक्रार करणार तरी कशाची?

या सेवेकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या ताईंनी पैशांची गोष्ट काढली नाही. त्यांनी आमची साइट उघडली, ब्राउझरमधली डेव्हलपर टूल्सची खिडकी उघडली, त्यातला नेटवर्क हा भाग निवडला आणि पान पुन्हा उघडले. पानातल्या प्रत्येक फाइलची एकेक ओळ खाली येत गेली. दरपत्रकाच्या ओळीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "काका, हे बघा. आकाराच्या रकान्यात काय लिहिलंय?" तिथे किलोबाइटचा आकडा नव्हता, फाइल डिस्क कॅशमधून घेतल्याची नोंद होती. म्हणजे हा फोटो सोलापुरातून किंवा आणखी कुठल्या सर्व्हरवरून आलाच नव्हता, तो त्याच संगणकाच्या पोटातून आला होता. मग त्या ओळीवर टिचकी मारून त्यांनी सर्व्हरने पाठवलेले हेडर, म्हणजे फाइलसोबत ब्राउझरला येणाऱ्या सूचना, दाखवले. कॅश-कंट्रोल या नावापुढे मॅक्स-एज आणि त्यापुढे २५९२००० हा आकडा होता. हे सेकंद आहेत. भागाकार मीच फोनवर केला : बरोबर ३० दिवस.

दोन वर्षांचे कोडे त्या एका आकड्यात होते. सर्व्हरवरच्या एका सेटिंगच्या फाइलमध्ये कोणीतरी पूर्वी लिहून ठेवले होते की सगळे फोटो ३० दिवस जपून ठेवावेत. ब्राउझर ती आज्ञा तंतोतंत पाळत होता. एकदा फोटो उतरवून घेतला की पुढचे ३० दिवस तो सर्व्हरला विचारायलाही जात नाही. मग सर्व्हरवर आपण फोटो दहा वेळा बदलला तरी त्याला कळण्याचा मार्गच नाही. आमच्या दुकानातल्या संगणकावर नवा फोटो दिसायचा, कारण तिथे आम्ही दर वेळी जोर लावून पान नव्याने आणत होतो. ज्याने आधी कधी साइट पाहिलीच नाही, त्यालाही नवाच फोटो दिसायचा. जुना फोटो दिसायचा तो फक्त पुन्हा पुन्हा येणाऱ्याला, म्हणजे आमच्या जुन्या, हक्काच्या ग्राहकाला.

माझी पहिली प्रतिक्रिया होती की मग ही मुदतच काढून टाका. त्यांनी ती मान्य केली नाही आणि का केली नाही हे समजावून सांगितले. यासाठी मी या सेवेला सर्वांत जास्त मानतो. मुदत काढली तर दर वेळी प्रत्येक फोटोसाठी विचारणा होईल किंवा तो नव्याने उतरवावा लागेल. गावाकडे जिथे नेटवर्क मंद आहे तिथे साइट रखडेल. शिवाय मुदतीचा हेडरच नसेल तर ब्राउझर स्वतः अंदाज बांधतो. फाइल शेवटची कधी बदलली ती तारीख पाहून, त्या काळाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका वेळ ती ताजी धरली जाते. शंभर दिवसांपूर्वी बदललेली फाइल आणखी दहा दिवस न विचारता वापरली जाऊ शकते. आमच्या मुख्य पानाचे नेमके हेच होत होते, कारण त्याला मुदतीचा कसलाच हेडर नव्हता.

मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला : तुमच्या गोदामात दोन वेगळ्या नक्षींच्या चादरींना एकच डिझाइन नंबर देता का? अर्थातच नाही. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतून आमच्याकडे गासड्या येतात, त्यावर नक्षीचा आणि लॉटचा नंबर असतो, आणि रंगात किंचित फरक पडला तरी नंबर बदलतो. नाहीतर मुनीमजी गासडी उतरवूनच घेत नाहीत. साइटवर मात्र आम्ही दरपत्रकाच्या पाच वेगवेगळ्या फोटोंना दोन वर्षांत एकच नाव दिले होते. ब्राउझर फोटो ओळखतो तो त्याच्या पत्त्यावरून, म्हणजे नावावरून. नाव तेच तर फोटो तोच, असे तो धरतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. फोटो बदलला की नाव बदललेच पाहिजे आणि एकदा वापरलेले नाव पुन्हा दुसऱ्या फोटोला कधीच द्यायचे नाही, हा सगळ्या कामाचा पाया. ऐकल्यावर इतके उघड वाटले की आपण व्यापारी असून हे आपल्याला सुचले कसे नाही, याची खंत वाटली.

प्रत्यक्ष काम त्यांनी चार दिवसांत केले. आता साइटवर फोटो चढवला की एक छोटी आज्ञावली त्या फोटोतल्या माहितीवरून काही अक्षरांची एक खूण काढते आणि ती नावाला जोडते. फोटोतला एक ठिपका बदलला तरी खूण बदलते, म्हणून नावही आपोआप बदलते. कोणी लक्षात ठेवण्याची गरज उरत नाही. पानातही नवे नाव त्याच वेळी लिहिले जाते. मरून रंगाच्या मयूरपंखाचा फोटो नव्याने काढून माझ्या पुतण्याने माझ्यासमोर चढवला, तेव्हा नावाचा पुढचा भाग तोच राहिला आणि शेवटची अक्षरे पूर्ण बदलली, हे मी डोळ्यांनी पाहिले.

नाव असे बदलत असल्यामुळे फोटोंची मुदत कमी करण्याऐवजी त्यांनी ती वाढवली. आता मॅक्स-एज ३१५३६००० सेकंद, म्हणजे एक वर्ष आहे, आणि सोबत इम्यूटेबल हा शब्द आहे. ही फाइल कधीच बदलणार नाही, तेव्हा रिफ्रेश केले तरी विचारायला येऊ नकोस, असे तो शब्द ब्राउझरला सांगतो; २०१७ मध्ये तो अधिकृत नियमांत आला. ज्या ब्राउझरला तो कळत नाही तो त्याकडे दुर्लक्ष करतो, त्याने नुकसान काही होत नाही. याच्या उलट, मुख्य पानाला नो-कॅश हा हेडर लावला. या शब्दाने माझी फसगत झाली होती. मला वाटले नो-कॅश म्हणजे साठवूच नकोस. तसे सांगणारा शब्द वेगळा आहे, नो-स्टोअर. नो-कॅशचा अर्थ असा की साठव, पण दाखवण्यापूर्वी दर वेळी सर्व्हरला विचार. ब्राउझर ईटॅग नावाची खूण दाखवून विचारतो की माझ्याकडची प्रत अजून चालेल का. चालत असेल तर सर्व्हर ३०४ हा आकडा पाठवतो आणि पान पुन्हा उतरवावे लागत नाही. पान लहान असते, त्यामुळे या विचारणेचा भार जाणवत नाही. पान नेहमी ताजे असल्यामुळे त्यात नव्या फोटोचे नवे नाव असते, आणि नवे नाव ब्राउझरच्या साठ्यात नसल्यामुळे तो फोटो आणावाच लागतो. दोन्ही हेडर एकमेकांवर अवलंबून आहेत. एकच लावून हे साधत नाही.

अनेक जण नाव न बदलता पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन आवृत्तीचा क्रमांक जोडतात. आमच्याकडेही आधी कोणीतरी दोन फोटोंपुरते ते केले होते. ब्राउझर त्याला वेगळा पत्ता मानतो, त्यामुळे बहुतेक वेळा काम होते. पण प्रश्नचिन्हापुढचा भाग दुर्लक्षित करण्याचे सेटिंग मधल्या साठ्यात, म्हणजे सर्व्हर आणि ग्राहक यांच्यामध्ये प्रती ठेवणाऱ्या सेवेत, असू शकते, आणि क्रमांक हाताने वाढवायचा असेल तर घाईच्या दिवशी तो राहून जातो. आमचा राहिलाच होता. गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात दुकानात पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवसांत क्रमांक वाढवणे कोणाच्या लक्षात राहणार?

मधल्या साठ्याचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. आमची साइट क्लाउडफ्लेअर या अशाच मधल्या सेवेच्या मोफत योजनेतून जाते. तिथे पर्ज हे बटण आहे, त्याने त्यांच्या केंद्रांवरच्या प्रती पुसल्या जातात. मी कित्येक महिने ते बटण दाबत होतो आणि काम झाले असे समजत होतो. त्याने मधले गोदाम रिकामे होते. ग्राहकाच्या फोनमधल्या प्रतीला त्याचा स्पर्शही होत नाही. ताईंनी तिथले ब्राउझरच्या मुदतीचे सेटिंग बदलून आपल्या सर्व्हरचे हेडर जसेच्या तसे पुढे जातील असे केले. मी मागितले नव्हते तरी त्यांनी ते तपासले.

दरपत्रक आता चित्र राहिलेले नाही. दर पानावर मजकूर म्हणून लिहिलेले आहेत, खाली ते कोणत्या तारखेपासून लागू आहेत हेही आहे. सर्व बदलांत मला हा सर्वांत शहाणपणाचा वाटतो. जी गोष्ट बदलल्याने व्यवहार बदलतो ती फोटोत ठेवायचीच कशाला, असे त्या म्हणाल्या. शिवाय फोनवर बोटांनी मोठे करून कार्ड वाचण्याचा ग्राहकाचा त्रासही वाचला.

काम पोहोचवताना त्यांनी एक गोष्ट आधीच सांगितली, ती प्रामाणिकपणाची होती. ज्यांच्या फोनमध्ये जुने फोटो आधीच बसले आहेत ते बाहेरून पुसता येत नाहीत, पण नवे पान ते मागणारच नसल्यामुळे ते निकामी पडून राहतील. जुन्या मुख्य पानाची प्रत कोणाकडे असेल तर तिची मुदत संपेपर्यंत काही दिवस त्याला जुनेच दिसेल. व्हॉट्सॲपवर आमच्या साइटचा दुवा पाठवताना जे छोटे चित्र दिसते, ते पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होऊन निरोपासोबतच जाते. म्हणून जे निरोप आधीच गेले आहेत त्यांतले चित्र कोणीच बदलू शकत नाही. हे तिन्ही खरे ठरले. पहिल्या आठवड्यात दोघांचे फोन आले, त्यानंतर आजपर्यंत एकही नाही. संक्रांतीच्या सुमारास आम्ही नॅपकिनचे सगळे फोटो बदलले तेव्हा वडिलांचा जुना फोन, माझा आणि दुकानातला असे तीन फोन शेजारी ठेवून पाहिले. तिन्हींवर एकाच वेळी नवे फोटो आले.

आता उणिवा. पहिल्याच दिवशी त्यांनी सर्व्हरवरचे जुन्या नावांचे सगळे फोटो पुसून टाकले. आमचे एक ठोक व्यापारी त्यांच्या ईमेलमध्ये थेट आमच्या साइटवरचे फोटो जोडून पाठवतात. त्यांच्या ग्राहकांना रिकाम्या चौकटी दिसू लागल्या. जुनी नावे निदान काही महिने तशीच ठेवायला हवी होती, आणि हे काम रोज करणाऱ्याला ते सुचायला हवे होते. तक्रार केल्यावर भावाने त्याच संध्याकाळी फाइल परत ठेवल्या आणि पैसे लावले नाहीत, हे खरे. पण चूक ती चूकच. दुसरे म्हणजे केलेल्या कामाची लेखी नोंद त्यांनी मागितल्याशिवाय दिली नाही. उद्या साइट दुसऱ्या कोणाकडे गेली तर त्याला हे सगळे पुन्हा शोधावे लागू नये, म्हणून मी ती मागून घेतली, दोन पाने मराठीत. सकाळी अकराच्या आत फोन उचलला जात नाही, आणि आमचे ठोक गिऱ्हाईक तर नऊला हजर असते. मोठ्या वजनाचे फोटो लहान करण्याचे कामही त्यांनी केले, ते ठीक झाले, पण गडद रंगांच्या चादरींचे दोन फोटो जरा फिके वाटतात.

एकदाचे ६५०० रुपये आणि पुढे देखभालीचे महिना ६०० असा खर्च आला. साठ चादरींच्या एकाच व्यवहारात ३६०० गेले होते, त्या मानाने मला तो रास्त वाटतो. आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटली. आमच्या कारखान्याचे मास्तर तेलुगू बोलणारे, वयाने सत्तरीचे. नवीन नक्षीचे फोटो तेच काढवून घेतात. ताईंनी तासभर त्यांच्याशी तेलुगूत बोलून फोटो कसा चढवायचा ते शिकवले आणि शेवटी त्यांच्याकडूनच एक टॉवेलचा फोटो चढवून घेतला. आता मास्तर मला न विचारता काम करतात.

ज्यांची साइट चार-पाच पानांची आहे आणि वर्षातून एखादाच फोटो बदलतो, त्यांना ही सेवा घेण्याची गरज नाही. नवा फोटो नव्या नावाने चढवा, नावात तारीख घाला, पानात ते नाव लिहा, एवढे घरच्या घरी होते. ज्यांचा माल, रंग, दर सतत बदलतो, त्यांनी मात्र अवश्य जावे. जाताना होस्टिंगचा पासवर्ड, साइट कोणत्या मधल्या सेवेतून जाते त्याचे लॉगिन, आणि तुमचे फोटो आणखी कोण कोण आपल्या ईमेलमध्ये किंवा साइटवर वापरते त्याची यादी सोबत न्यावी. आणि जुन्या फाइल सहा महिने पुसू नका, असे पहिल्याच भेटीत सांगावे.